माहेर ते सासर

रेल्वेच्या हिशेबात ठाणे मुंबईपासून ३४ किलोमीटर आणि कल्याण ५४. म्हणजे ठाण्याहून कल्याणला जाऊन परत आलं की ४० भरतात, तरी मॅरेथॉनला वरचे दोन किलोमीटर आणि १९५ मीटर कमीच पडतात. डोंबिवलीच्या लोकलमध्ये निम्मं आयुष्य गेलेल्या बाईला अंतर स्टेशनांतच कळतं. ४२.१९५ हा आकडा कागदावर कितीदा पाहिला होता, पण कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर अशी रांग लावून, पुढे कल्याण आणि तिथून पुन्हा मागे असा हिशेब केला, तेव्हा पोटात गोळा आला.

ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये भर पावसात २१ किलोमीटर धावले होते. पुढचं स्वप्न मुंबईचं. पण २०२१ साली करोनामुळे मुंबई मॅरेथॉन झाली नाही आणि २०२२च्या जानेवारीतही नाही. सराव तर झालेला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे गुडघे आणखी एक वर्ष थांबतील याची हमी कोण देणार? मग ठरवलं, आपलं आपण धावायचं. माझं माहेर नौपाड्यात, सासर डोंबिवलीत. ठाण्याहून निघायचं, मुंब्रा-शिळफाटा मार्गे कल्याण-शीळ रस्ता धरायचा, थेट कल्याणचा दुर्गाडी किल्ला गाठायचा आणि तिथून मागे वळून डोंबिवलीत घरी. सासुरवाशिणी माहेराकडे धाव घेतात असं आपण ऐकत आलो. मी उलटी निघाले होते. माझ्या आईने सगळा मार्ग ऐकून घेतला आणि म्हणाली, "रिक्षा नाही मिळत का गं?"

शर्यतीत प्रवेश फी भरली की पाण्याचे स्टॉल, केळी, रुग्णवाहिका, अडवलेली वाहतूक आणि टाळ्या वाजवणारी अनोळखी माणसं, सगळं मिळतं. कोणाचे उपकार नाहीत, पैसे मोजलेत. एकटीने धावायचं तर यातलं एकेक घरच्यांकडे मागावं लागतं, आणि माझी गाडी तिथेच अडली. पहाटे उठून डबे भरले होते, मुलाच्या क्लासबाहेर, ग्राउंडबाहेर, परीक्षा केंद्राबाहेर पाण्याची बाटली धरून उभी राहिले होते. स्टॉलच्या त्या बाजूला उभं राहायचा सराव दांडगा. या बाजूला येऊन "मला रविवारची अख्खी सकाळ हवी आहे, तुमच्या सगळ्यांची" हे वाक्य बोलायला ३० किलोमीटरच्या सरावापेक्षा जास्त दम लागला. शेवटी भाजी निवडताना, मान खाली घालून बोलले. नवरा म्हणाला, "बरं. किती वाजता?" एवढंच. मी मनात तयार ठेवलेली सगळी उत्तरं वाया गेली, याचा थोडा रागच आला.

या अंतराचा जन्मही घरच्यांच्या सोयीतूनच झालेला आहे. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. राजघरच्या पोरांना खिडकीतून पाहता यावं म्हणून तिथून निघाले, असंही सांगतात. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. १९२१ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने तेच कायम केलं. त्याच शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत आधी स्टेडियममध्ये शिरला, पण भान हरपून उलट्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी त्याला उठवलं, सावरलं, रेषेपार नेलं. तो पहिला आला आणि मदत घेतली म्हणून बाद झाला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पेला दिला. नियमाने हरलेला माणूस लोकांच्या लेखी जिंकला. पण मला या गोष्टीत खुपतं ते वेगळंच. पाणी देणारा हात चालतो आणि दंड धरणारा हात चालत नाही, तर मदत नेमकी कुठे सुरू होते?

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी उजाडायच्या आधी निघालो. नवरा स्कूटरवर, मागे मुलगा. पायाशी पिशवी: इलेक्ट्रॉलचं पाणी, खजूर, चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. ठरलेली रीत अशी की त्यांनी दोन-दोन किलोमीटर पुढे जाऊन थांबायचं. कळव्याचा पूल ओलांडला, रेतीबंदरला खाडीवरून गार वारा आला, मुंब्र्याच्या डोंगरावर देवीच्या देवळाचे दिवे दिसले. कौशात पाव घेऊन निघालेला एक सायकलवाला थोडा वेळ माझ्याच वेगाने शेजारून चालला, मग कंटाळून पुढे गेला. शिळफाट्याला ट्रेलर आणि कंटेनर. तिथे मात्र नवऱ्याने ठरलेली रीत मोडली. स्कूटर माझ्या मागे, इंडिकेटर लावून, चालण्याच्या वेगात. मी काही बोलले नाही, त्यानेही नाही.

हा माणूस भाजीबाजारात पाच मिनिटं थांबत नाही. त्या दिवशी काटई नाक्याला, मानपाड्याला, टाटा नाक्याला उभा होता, दर वेळी बाटलीचं झाकण आधीच सैल करून. चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं म्हणे, "गाडी बंद पडली का?" हा म्हणाला, "नाही, बायको मागून पळत येतेय." त्या माणसाने सहानुभूतीने चहाचे पैसे घेतले नाहीत.

पत्री पुलावर क्षणभर गंमत वाटली. जुना पूल २०१८ साली पाडला, नवा २०२१च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळात इथल्या कोंडीत रिक्षात बसून मी कितीदा म्हटलं असेल, यापेक्षा धावत जाणं परवडलं. आता धावतच होते. दुर्गाडीला पोचले तेव्हा अंगातलं बळ संपलं. तीस किलोमीटर ओलांडले की स्नायूंतली साठवलेली साखर तळाला जाते; धावणारे त्याला भिंत म्हणतात. शिवरायांच्या आरमाराची सुरुवात जिथे झाली असं सांगतात, त्या किल्ल्याखाली मला फक्त बसायचं होतं. मुलगा म्हणाला, "आई, बसलीस तर उठणार नाहीस," आणि बटाटा पुढे केला. माझीच परीक्षा केंद्राबाहेरची वाक्यं तो मला परत देत होता, आणि त्याच वैतागवाण्या प्रेमळ सुरात.

परतीच्या वाटेवर बारामतीच्या लता करे आठवत राहिल्या. साठी ओलांडलेली बाई, नऊवारीत, अनवाणी धावली आणि जिंकली. बक्षिसाच्या पैशातून नवऱ्याचे उपचार करायचे होते. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात काम त्यांनीच केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. तो मान त्यांचाच. पण बाईने कोणासाठी तरी धावावं, हे आपल्याला चटकन पटतं. नव्वद फुटी रस्त्यावर ओळखीच्या एक बाई भेटल्या. त्यांनी विचारलं, "कशासाठी गं एवढं?" कर्ज नाही, आजारपण नाही, नवस नाही. "असंच," म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. पुरुषांना हा प्रश्न कमी विचारतात, असा माझा अंदाज आहे.

ठाकुर्ली मागे पडली. घड्याळात ४२ भरले तेव्हा आमची गल्ली आली होती, वरचे १९५ मीटर फाटकापर्यंत होते. गतिरोधकावर पाय अडखळला आणि नवऱ्याने माझा कोपर धरला. १९०८च्या नियमाने मी बाद. तक्रार करायला मागे दुसरा कोणी धावत नव्हता, म्हणून निकाल कायम राहिला.

फाटकाशी सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंचाहत्तरी उलटली आहे, गेली काही वर्षं त्या एकट्या बाहेर पडत नाहीत, आणि अमुक हवं असं त्यांनी मागितल्याचं मला आठवत नाही. मला लिंबूपाणी दिलं, माझ्या बुटांकडे बघितलं, मग लेकाकडे वळल्या.

"पुढच्या रविवारी मला गणेश मंदिरात चालत जायचंय. जाऊन-येऊन. तू पिशवी घेऊन पुढे पुढे थांबायचंस. आणि त्या बाटलीत साधं पाणी भर, ते खारट नको."

"बरं," तो म्हणाला. "किती वाजता?"