शत्रूचं लहानपण

काकाजींच्या अस्थी रामटेकला अंबाळ्यात आणल्या, त्या दिवशी मी गेलो. बाबांना न सांगता. (घरची मंडळी इथे वाचतात, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.)

शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बाबांनी देवघरासमोर उभं करून शपथ घातली, त्या घराची पायरी चढायची नाही. 23 वर्षं चढलो नाही.

मध्यंतरी एक विचित्र वाचन झालं. सिलिअस इटॅलिकस या रोमन कवीचं ‘प्यूनिका’, 17 सर्ग, 12 हजारांवर ओळी. इंग्रजी भाषांतरातून, तेही गाळत गाळत वाचलं. खरं सांगायचं तर बराच भाग कंटाळवाणा आहे. रोमचा वैरी हॅनिबल किती क्रूर, किती दगाबाज, हे कवी पुन्हा पुन्हा बजावतो. पण सुरुवातीलाच त्याचं लहानपणही दाखवतो. बाप त्याला देवळात नेऊन रोमशी वैर धरायची शपथ घ्यायला लावतो. तिथेच माझं वाचन थांबलं, दोन दिवस. पुढे कॅनीच्या लढाईत (इ.स.पू. 216) रोमन सेनापती पॉलस पडतो, तर हाच हॅनिबल त्याचा अंत्यविधी मानाने करवतो.

मग आपलं ‘शिवभारत’ आठवलं. कवींद्र परमानंदांनी शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेलं. अफझलखान तिथे दुष्टच, पण त्याला मोहिमेवर धाडताना कवी आदिलशहाच्या तोंडून त्याचे पराक्रम वदवून घेतो. शत्रू किरकोळ असता तर 10 नोव्हेंबर 1659ला प्रतापगडाखाली जे घडलं त्याला मोल काय?

आमच्या घरच्या गोष्टीत काकाजींच्या वाट्याला एकच वाक्य होतं. “त्यानं धुरा कोरला.” त्रिपुरी पौर्णिमेला टिपूर बघायला मला खांद्यावर बसवून गडावर त्यांनीच नेलं होतं, हे कोणी सांगत नाही. मीही कधी सांगितलं नाही.

अंबाळ्याच्या पायऱ्यांवरून वर गड दिसतो, रामाचं देऊळ दिसतं. रावण पडल्यावर बिभीषण त्याच्या अंत्यसंस्काराला का-कू करू लागला, तेव्हा रामानेच त्याला तयार केलं. हे कीर्तनात शंभरदा ऐकलेलं.

चुलतभाऊ काही बोलला नाही. फक्त तांब्या माझ्याकडे सरकवला.

घरी आलो. बाबांनी माझी ओली पँट पाहिली.

“पाणी किती आहे अंबाळ्यात?” एवढंच विचारलं.