बाबा, रणगाडा आणि पितळेचा पत्रा

‘आयटीतला माणूस, पस्तिशीला टेकलाय, फ्लॅटचे हप्ते भरतोय... आणि शनिवार-रविवार खेळण्यातले रणगाडे चिकटवत बसतो?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर पाठ झालंय. तुम्ही वीकएण्डला ट्रेकला जाता, कुणी गिटार शिकतं, कुणी नुसतंच मॉलमध्ये भटकतं. मी रणगाडे बनवतो. एकास पस्तीस स्केलचे. म्हणजे खऱ्या रणगाड्याचे ३५ सेंटिमीटर माझ्या टेबलावर एक सेंटिमीटर होतात.

या ३५ चा किस्साही भारी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारं पॅन्थर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून त्या हिशोबाने साइझ ठरला. मग मोजलं तर भरलं साधारण एकास पस्तीस. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच माप उचललं!

पण प्लास्टिकची एक गोची आहे. साच्यात ते नीट वाहायला हवं, तर भाग जरा जाड ठेवावाच लागतो. समजा, मॉडेलचं मडगार्ड एक मिलिमीटर जाड आहे. पस्तीसने गुणा. खऱ्या रणगाड्यावर ते साडेतीन सेंटिमीटर जाड होईल! असं मडगार्ड कुणी पाहिलंय?

इथे एण्ट्री होते पितळेची. फोटो-एच्ड ब्रास. पत्रा जेमतेम ०.१५ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्यात पाच मिलिमीटर. आता कसं, हिशोब जुळला. हे भाग बनवायची पद्धत डिप्लोमावाल्यांना लगेच कळेल, कारण सर्किट बोर्डही असाच बनतो. पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणारा थर द्यायचा, वर डिझाइनची फिल्म ठेवून प्रकाश पाडायचा, कच्चा राहिलेला थर धुऊन टाकायचा आणि पत्रा फेरिक क्लोराइडसारख्या द्रावात सोडायचा. उघडं पितळ विरघळतं, झाकलेलं उरतं. जिथे घडी घालायची तिथे पत्रा अर्धाच खाल्लेला असतो, म्हणजे बरोबर त्याच रेषेवर वाकतो. चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड, पोलंडची अबेर या कंपन्या असे सेट विकतात. कधीकधी सेटची किंमत मॉडेलच्या किमतीला जाऊन भिडते. (बायकोला हे वाक्य दाखवू नका.)

या सेटमध्ये असतं काय? मला वाटायचं, रणगाडा म्हटलं की तोफ आणि चिलखत. पण ते प्लास्टिकमध्ये चांगलंच येतं. पितळेत येतात ती फावड्याला धरून ठेवणारी क्लॅम्प, टूलबॉक्सच्या कड्या, सब्बल अडकवायचे पट्टे, दिव्यांवरच्या जाळ्या, दोर बांधायचे हूक. शत्रूला न दिसणाऱ्या, पण आतल्या चौघांच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तू. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, माझ्या बाबांनी दाखवलं.

माझं गाव माजरी. वर्धा-बल्लारशा लाइनवरचं जंक्शन, भद्रावतीजवळ. आमच्याकडे जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर कोळशाची धूळ. बाबा वेकोलिच्या ओपनकास्ट खाणीत डोझर फिटर. लहानपणी मला एकच नियम होता: मशिनला हात लावायचा नाही. ‘तू शिक. हे काळे हात माझ्याकडेच राहू दे.’ मी शिकलो, पुण्याला आलो आणि फोनवरचं आमचं बोलणं ‘जेवला का?’, ‘पाऊस आहे का?’ यावर येऊन थांबलं. भांडण वगैरे काही नाही. फक्त विषयच नव्हता.

२०२३ च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांच्या रिटायरमेंटला अडीच महिने उरले होते. क्वार्टर सोडायचं, सामान हलवायचं, सगळं ठरलेलं. आई हळूच म्हणाली, ‘रात्री उठून बसून राहतात रे. विचारलं तर काही नाही म्हणतात.’ मी काय बोलणार? ‘बाबा, आता आराम करा’ हे वाक्य त्यांना किती लागेल, ते मला माहीत होतं.

सुट्टीत टाइमपास म्हणून मी सेंच्युरियनचं अर्धवट मॉडेल नेलं होतं. सेंच्युरियन म्हणजे १९६५ च्या लढाईत पॅटनना भिडलेला आपला रणगाडा. १९७१ ला बसंतरच्या लढाईत पुणे हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल शेवटपर्यंत ज्यात लढले, तोही सेंच्युरियनच. वय अवघं २१. जन्म पुण्याचा. परमवीर चक्र.

बाबा चहा घेऊन मागे येऊन उभे राहिले.

‘हे काय करून राहिला?’

‘रणगाडा आहे, बाबा.’

त्यांनी चष्मा लावला, मॉडेल उचललं, उलटं केलं. वरची तोफ पाहिलीच नाही. ‘अरे, हा तर डोझरच आहे! हे स्प्रॉकेट, हा आयडलर, हे खालचे रोलर. वर तोफ ठेवली, एवढंच.’

गंमत म्हणजे ते बरोबर होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना रणगाडा सुचला, त्यामागे अमेरिकेतल्या होल्ट कंपनीचे पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टरही होते. डोझर आणि रणगाडा चुलतभाऊच म्हणा ना.

मग त्यांची नजर पितळेच्या पत्र्याकडे गेली. मी मडगार्ड गोल वाकवायला घेतलं होतं आणि पत्रा परत परत उसळत होता. बाबा म्हणाले, ‘असा नाही वाकत तो. तापव आधी.’ स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी तो पकडीत धरला, गॅसच्या बारीक आचेवर रंग बदलेपर्यंत फिरवला आणि सरळ पाण्यात बुडवला. मी ओरडलो, ‘कडक होईल ना!’

‘लोखंड होते. तांबं-पितळ नाही होत. इंजिनचे तांब्याचे वॉशर आम्ही असेच नरम करून पुन्हा वापरतो.’

पत्रा खरंच वहीच्या पानासारखा वळला. ३५ वर्षांत त्यांनी मला शिकवलेली मशिनची ही पहिली गोष्ट.

त्या चार दिवसांत आम्ही दोघं डायनिंग टेबलावर बसून होतो. सहा-सात मिलिमीटरच्या क्लॅम्पला बारीक डाग देताना त्यांचा हात जराही हलत नव्हता. मध्येच थांबून विचारायचे, ‘ही कडी या बाजूला कशी? फावडं काढताना हात कुठून जाईल?’ फोटो शोधावा, तर ते म्हणतात तशीच निघायची. हातात तेलकट मोजे असलेला माणूस ती कडी उघडणार आहे, हे ते धरूनच चालायचे.

शेवटच्या दिवशी मडगार्ड चिकटवून झालं. सुरेख, अगदी सरळ. बाबांनी पकड घेतली आणि पुढचा कोपरा अलगद दाबून वाकडा केला. मी बघतच राहिलो!

‘चालवलेली गाडी आहे ना? मग पोचा पाहिजे. माझ्या डोझरचा नंबर पुसला तरी मी पोच्यावरून सांगीन, कुठला आहे.’

प्लास्टिकला पोचा येत नाही, ते मोडतं. पितळेला येतो. इतकी वर्षं मी पितळ घेत होतो ते पातळ असतं म्हणून. ते कुणाच्या तरी कामाची खूण अंगावर ठेवतं, हे मला त्या टेबलावर कळलं.

३१ जानेवारी २०२४ ला बाबा रिटायर झाले. शाल, नारळ, भाषणं, फोटो. पाने, हातोडे तिथल्या पोरांना दिले. एक चपटी पकड आणि एक कानस तेवढी घेऊन ते आईसोबत पुण्याला आले. मे महिन्यात आम्ही अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, १९९४ पासून असलेलं रणगाडा संग्रहालय बघायला गेलो. लोक तोफांसमोर फोटो काढत होते. बाबा सेंच्युरियनच्या बाजूला वाकून टूलबॉक्सच्या कड्या मोजत होते.

रात्री ते आता उठून बसतात का? बसतात कधीकधी. पण टेबललॅम्प लावून, हातात चिमटा घेऊन बसतात.

परवा घरी एक पार्सल आलं. नवा पितळेचा सेट. मी काहीच मागवलं नव्हतं. बाबांनी मागवला होता. माझ्या कार्डावर!