नांव कोणाचें?

अमेरिकेंतील ‘गन्स एन्‌ रोझेस’ या बँडचा ‘चायनीज डेमोक्रसी’ हा आल्बम २३ नोव्हेंबर २००८ रोजीं बाजारांत आला, आणि तेव्हांपासून माझा व माझ्या एका जुन्या स्नेह्याचा जो वाद जुंपला आहे तो अद्याप मिटलेला नाहीं. पन्नाशी उलटलेल्या दोन गृहस्थांनीं, त्यांतून एकानें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत जन्म घालविलेला, विजेच्या गिटारींवरून हमरीतुमरीवर यावें हें माझ्या पत्नीला शोभत नाहींसें वाटतें. आमच्या शेजारीं नाट्यसंगीताचे एक दर्दी राहतात; त्यांना तर याला संगीत म्हणणेंच मान्य नाहीं. त्यांच्याशीं वाद घालण्याचा माझा विचार नाहीं. ज्यांना हें संगीत मुळींच नको त्यांचें मत एकच असतें, व त्यांत गंमत नसते. गंमत आहे ती, ज्यांनीं तें वर्षानुवर्षें हवें हवें म्हणून उराशीं धरलें त्यांच्यांतच दोन तट पडतात तेव्हां.

वाचकांपैकीं पुष्कळांना हें प्रकरण ठाऊक नसेल, म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगतों. १९८७ च्या जुलैंत लॉस एंजल्सच्या पांच तरुणांचा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा पहिला आल्बम निघाला. गाणारा ॲक्सल रोझ, गिटारीवर स्लॅश आणि इझी स्ट्रॅडलिन, बेसवर डफ मकेगन, ड्रमवर स्टीव्हन ॲड्लर. एकट्या अमेरिकेंत त्याच्या पावणेदोन कोटींहून अधिक प्रती गेल्या. आम्ही त्या सुमारास पुण्यास कॉलेजांत होतों. मूळ कॅसेट आमच्यापैकीं एकाच्याच जवळ. बाकीच्यांनीं ती कोऱ्या कॅसेटींवर उतरवून घेतलेली. त्या उताऱ्याचा उतारा मीं इतका वाजविला कीं शेवटीं फीत ताणली जाऊन ॲक्सल रोझचा तारस्वर मंद्राकडे उतरूं लागला! त्या गोंगाटांत आम्हांला काय सांपडलें होतें तें आज नेमकें सांगतां येणार नाहीं. पण तें पांचांचें होतें, एकाचें नव्हतें, एवढें त्या वयांतहि कळत होतें.

पुढें पांचांची वाताहत झाली. १९९० मध्यें ॲड्लरला काढून टाकलें, १९९१ मध्यें स्ट्रॅडलिन गेला, १९९६ मध्यें स्लॅश, १९९७ मध्यें मकेगन. बँडचें नांव मात्र ॲक्सल रोझकडे राहिलें. त्यानें नवीं माणसें जमविलीं आणि नव्या आल्बमास हात घातला. तें काम संपेपर्यंत शाळेंत जाणारीं मुलें नोकरीला लागलीं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें २००५ सालीं खर्चाचा आंकडा निदान एक कोटी तीस लाख डॉलर असा दिला, आणि तेव्हां आल्बम निघायला अजून तीन वर्षें होतीं. गिटारवाले आले नि गेले. त्यांतला एक, बकेटहेड नांवाचा, डोक्यावर तळलेल्या कोंबडीची रिकामी बादली उपडी घालून वाजवीत असे. आपल्या नाटक मंडळ्यांतील नटांचे नखरे पुष्कळ ऐकले आहेत, पण इतकी मजल कोणी गांठल्याचें स्मरत नाहीं. २००८ सालीं डॉ. पेपर या शीतपेयाच्या कंपनीनें जाहीर केलें कीं, या वर्षांत आल्बम निघाला तर स्लॅश व बकेटहेड हे दोघे वगळून अमेरिकेंतील प्रत्येक माणसाला आम्ही एकेक डबा फुकट देऊं. आल्बम निघाला! आणि कूपनांसाठीं लोटलेल्या गर्दीपुढें कंपनीची यंत्रणा कोलमडली.

अशी वस्तु निर्मळ कानांनीं ऐकणार कोण? ‘रोलिंग स्टोन’ मासिकानें तिची भरघोस स्तुति केली. दुसऱ्या कित्येकांना ती घासून घासून गुळगुळीत झालेली नि निर्जीव वाटली. अमेरिकेच्या यादींत ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली व तेथूनच खालीं आली. श्रोत्यांतली फूट मात्र समीक्षकांहून कडवी होती. एक पक्ष म्हणे, हें एकट्या ॲक्सल रोझचें काम. त्यावर पांचांचें नांव घालणें ही लबाडी आहे. दुसरा म्हणे, नांव झांकून ऐका. हें इतकें वाईटहि नाहीं नि इतकें चांगलेंहि नाहीं, असें म्हणणारा एक तिसरा पक्ष होता. पण अशा पक्षाला कोठेंच कोणी विचारीत नाहीं.

माझा स्नेही पहिल्या पक्षाचा. त्याचें मत जुन्या दिवसांची हळहळ म्हणून मला बाजूला सारतां येत नाहीं, याला कारण आहे. कॉलेज सुटल्यावर त्यानें व आणखी चौघांनीं मिळून एक हौशी नाट्यसंस्था काढली होती. एकांकिका बसविल्या, स्पर्धांतून ढाली आणल्या, पदरमोड करून पडदे रंगविले. दहाएक वर्षांत पांचांचे तीन झाले, तिघांचा एक झाला. आणि त्या एकानें, संस्थेची नोंदणी आपल्या हातीं आहे या बळावर, नांव चालू ठेवलें. आज त्या संस्थेच्या जाहिरातींत माझ्या स्नेह्याचा उल्लेख नसतो. जाहिरातीच्या कोपऱ्यांत मुखवट्याचें जें चित्र छापतात तें मात्र एका रात्रीं त्यानेंच माझ्या खोलीवर बसून काढलेलें आहे. हा आल्बम मीं त्याच्या हातीं ठेवला तेव्हां मुखपृष्ठावर भिंतीला टेकलेली सायकल होती, ती त्यानें पाहिली न पाहिलीशी केली, वेष्टण उलटलें, नांवें वाचलीं, आणि म्हणाला, “अरे, हीं माणसें कोण?” गाणीं त्यानें नंतर ऐकलीं.

मीं त्याला गंधर्व नाटक मंडळीचा दाखला दिला. १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनीं ती काढली. पुढें टेंबे बाहेर पडले व त्यांनीं शिवराज मंडळी काढली, बोडसहि गेले. म्हणून प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागावयास गेले काय? तो तडक म्हणाला, “तिथें नांवच गंधर्वांचें होतें. इथें ‘रोझेस’ त्याचे असतील, ‘गन्स’ कोणाचे?” हा बाण त्यानें नेम धरून मारला खरा, पण तो उलटला. कारण नांवांतले ‘गन्स’ हे ट्रेसी गन्स नांवाच्या गिटारवाल्याचे, आणि तो १९८५ सालींच, पहिला आल्बम निघण्याच्या पुष्कळ आधीं, बाहेर पडला होता. म्हणजे ज्या पांचांची आम्ही पूजा केली त्यांनींहि अर्धें नांव एका गेलेल्या माणसाचेंच वापरलें होतें. हें सांगितल्यावर माझा स्नेही दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं.

तरीहि माझा दाखला पुरता लागू पडत नाहीं हें मला ठाऊक आहे. नाटक पुस्तकांत असतें. एक नट गेला तरी दुसरा तीच भूमिका उचलतो व शब्द तेच राहतात. हें संगीत पुस्तकांत नसतें, बोटांत असतें. स्लॅशची तार दोनदां कण्हली कीं हा स्लॅश हें ओळखूं येतें, जसा मुरलेल्या गवयाचा षड्ज ओळखूं यावा. आणि येथें तर एका ड्रमवाल्यानें वाजविलेला बराचसा भाग तो सोडून गेल्यावर लिहून काढण्यांत आला, व दुसऱ्यानें तो जसाच्या तसा पुन्हां वाजविला! अशानें ठेका मिळतो. ठेका धरणारा मिळत नाहीं.

आतां खुद्द आल्बमाविषयीं. चौदा गाणीं, सत्तर मिनिटांहून थोडें अधिक. पहिलें गाणें दूरच्या कोलाहलांतून हळूहळू आकार घेतें आणि मग गिटार एकदम आडवी येते. हा आरंभ मला आजहि उत्तम वाटतो. ‘देअर वॉज अ टाइम’ माझ्या मतें सर्वांत भरींव. अखेरीस तींत गिटार लांबत लांबत चढत जाते, आणि आतां संपेल म्हणतां म्हणतां आणखी एक पायरी चढते. या गाण्याकरितां मी कोणाशींहि भांडेन. ‘मॅडागास्कर’चें तसें नाहीं. त्यांत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचे तुकडे आणि चित्रपटांतील संवाद मध्येंच पेरले आहेत. गाणाऱ्याला आपल्या दुःखासाठीं इतके साक्षीदार बोलवावे लागले म्हणजे त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नसावा असा संशय येतो. ‘शॅकलर्स रिव्हेंज’ ऐकतांना काय ऐकावें तेंच समजत नाहीं. एकेका गाण्याखालीं चार-चार, पांच-पांच गिटारवाल्यांचीं नांवें आहेत. एकानें लिंपलें, दुसऱ्यानें सारवलें, तिसऱ्यानें रांगोळी काढली. पहिल्या आल्बमांत पांच माणसें एकमेकांना ऐकत आहेत असें वाटतें. येथें सारे एकाच माणसाला ऐकत आहेत.

पण त्या एका माणसाचे कान साधे नव्हेत. त्या काळीं आल्बम जास्तींत जास्त मोठ्यानें वाजावा म्हणून आवाजाचे चढउतार दाबून सपाट करण्याची चढाओढ लागली होती, व त्याच सालीं निघालेल्या मेटॅलिकाच्या आल्बमवर त्यासाठीं ओरडहि झाली. ‘चायनीज डेमोक्रसी’वर शेवटचा हात बॉब लुडविग यांनीं फिरविला. त्यांनीं तीन नमुने पुढें ठेवले, आणि ॲक्सल रोझनें व त्याच्या सहनिर्मात्यानें निवडला तो चढउतार शाबूत राखणारा. पंधरा वर्षें हट्ट करणाऱ्या माणसाला ऐन शेवटीं मोठ्यानें ओरडण्याचा मोह झाला नाहीं, हें मला त्याच्या बाजूनें फार मोठें वाटतें. माझ्या स्नेह्यानें याकडे कधीं लक्ष दिलें नाहीं. ज्याचे डोळे नांवांच्या यादीवर खिळले त्याला आवाजाची खोली कशी ऐकूं यावी?

माझ्या मुलीनें हीं गाणीं प्रथम ऐकलीं तेव्हां तिला ना पंधरा वर्षें ठाऊक होतीं, ना पांच माणसें. मला फार उत्सुकता होती कीं, हा खरा निःपक्षपाती न्यायाधीश आतां काय निकाल देतो! ‘बेटर’ तिला आवडलें. चौथ्या गाण्याशीं ती उठली व म्हणाली, “बाबा, छान आहे, पण किती मोठें आहे हो सगळें!” आणि तिनें तें पुन्हां कधीं लावलें नाहीं. ज्याला कांहींच ठाऊक नाहीं त्याचे कान स्वच्छ असतात हें खरें, पण त्याला थांबून राहण्याचें कारणहि नसतें. आम्हां दोघांना भांडण होतें म्हणून तरी आम्ही सारीं चौदा गाणीं शंभरदां ऐकलीं.

९ डिसेंबर २०१२ रोजीं हा बँड मुंबईस आला. स्लॅश नव्हता, म्हणून माझा स्नेही आला नाहीं, मी गेलों. २०१६ सालीं वीस वर्षांनंतर स्लॅश परतला, मकेगनहि परतला, आणि १७ मे २०२५ रोजीं महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आम्ही दोघे बरोबर उभे होतों. पण मला जें महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच आहे. परतल्यापासून स्लॅश कार्यक्रमांतून ‘चायनीज डेमोक्रसी’तलीं गाणींहि वाजवितो, म्हणजे तो नसतांना, त्याच्या जागीं इतरांनीं केलेलीं. त्यांतलें एक मुद्रण मीं स्नेह्याला ऐकविलें. तीच चाल, पण तींत ती ओळखीची कण्हणारी तार. तो डोळे मिटून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, “चांगलें आहे.” मग बऱ्याच वेळानें, “पण मूळचेंहि वाईट नव्हतें म्हणायचें.” एवढी कबुली मिळवायला मला सोळा वर्षें लागलीं, आणि ती मिळाली तेव्हां विजयाचा आनंद व्हावा तसा झाला नाहीं.

कारण त्यानंतर त्यानें टेबलाच्या खणांतून एक पाकीट काढून माझ्यापुढें टाकलें. त्याच्या जुन्या नाट्यसंस्थेचें पत्र होतें. संस्थेच्या वर्धापनदिनीं पांचहि संस्थापकांनीं रंगमंचावर बसावें, व पहिल्या एकांकिकेंतला एखादा प्रवेश जमल्यास करून दाखवावा, अशी विनंती होती. कोपऱ्यांत तो मुखवटा होताच.

“स्लॅशला प्रथम निरोप कोणीं धाडला असेल रे?” त्यानें विचारलें. “आणि त्यानें उत्तर द्यायला किती दिवस लावले असतील?”

मला तें ठाऊक नव्हतें. कार्यक्रम पुढच्या महिन्यांत आहे. त्या प्रवेशांतलीं आपलीं भाषणें त्याला अजून पाठ आहेत काय असें मीं विचारलें, तर तो म्हणाला, सगळ्यांचीं पाठ आहेत.