माळवदाचं घर

डिसेंबरच्या अखेरीस प्रदर्शन मैदानाच्या कडेनं चालत निघालं की हैदराबादच्या नामपल्लीत एक वास येतो. नुकत्याच कापलेल्या प्लायवूडचा, पाणी मारलेल्या मातीचा, ताज्या रंगाचा. नुमाइशचे, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनाचे, गाळे उभे राहत असतात. लहानपणापासून हा वास आला की मला पाळणे आणि मिरची भजी आठवतात. गेल्या डिसेंबरात मात्र तो नाकात शिरला आणि आठवली ती माइनक्राफ्ट या खेळातली पहिली संध्याकाळ. मातीची टेकडी, चौकोनी सूर्य, माझ्या हातात लाकडाचा टिकाव आणि अंधारून आलेलं. संगणकाच्या पडद्याला वास नसतो, हे मला कळतं. तरी त्या टेकडीला हाच वास होता, असं मी शपथेवर सांगेन.

मी तेव्हा कॉलेजात होते. धाकट्या भावानं खेळ मिळवला होता आणि तो क्लासला गेला की संगणक माझा. खेळ काहीच सांगत नव्हता. ना कामगिरी, ना नकाशा, ना शत्रूचं नाव. झाडावर बुक्के मारले की ओंडका हाती येतो, ओंडक्याच्या फळ्या होतात, फळ्यांतून सुताराचं टेबल, त्यावर टिकाव, एवढं चाचपडत कळलं. तिथला अख्खा दिवस, रात्रीसकट, वीस मिनिटांचा. त्यातला लख्ख उजेड दहाच मिनिटं. ती फुलं बघण्यात गेली. मग सावल्या लांबल्या आणि लांबून कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला.

मी टेकडीत शिरले. तीन-चार घनांएवढं खोदत आत गेले आणि मागचं तोंड मातीनं लिंपून टाकलं. कोळसा सापडला नव्हता, म्हणून मशाल नव्हती. पडदा काळा. बाहेर पावलं वाजत होती. डोक्यावरचा मातीचा एकच घन मी काढला. तेवढ्या चौकोनातून आभाळ दिसायला लागलं. एक तारा त्या चौकोनाच्या एका कडेनं आत आला आणि हळूहळू दुसऱ्या कडेकडे निघाला. त्याच वेळी आमच्या खऱ्या खिडकीतून नामपल्ली स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू आला आणि मी दचकून खुर्चीत मागे सरकले. कारण मी तिथं नव्हतेच. मी टेकडीत होते.

नंतर मी त्या जगात बरंच काही बांधलं. पूल, धान्याची शेतं, समुद्राखालची खोली. त्यातलं काहीही डोळे मिटून आठवायला सांगितलं तर मला तो आभाळाचा चौकोन दिसतो.

आम्ही नामपल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलो. घरमालकीणबाई स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्यांचा एक नियम होता: “दीवार कू खीला नक्को मारो.” आमच्या आधीच्या भाडेकरूनं ठोकलेला एक खिळा तेवढा होता, त्यावर कालनिर्णय लटकायचं. देवाची तसबीर पेटीवर टेकवून ठेवलेली, बाबांचा शर्ट दाराच्या कडीला, माझं बक्षिसाचं प्रमाणपत्र गादीखाली. भिंत म्हणजे दुसऱ्याची वस्तू, तिला पाठ टेकायची आणि एवढंच, हे अंगात मुरलेलं. अशा घरातली मुलगी हातातल्या टिकावानं टेकडीला भोक पाडते आणि टेकडी काही म्हणत नाही! उद्या-परवा, आठवड्यानं परत आलं तरी भोक तिथंच. ठेवलेला दगड ठेवला तिथंच. मला या खेळानं धरून ठेवलं ते इथं. जगून राहण्याचा थरार चार दिवसांत ओसरतो. पण ती जमीन मला ओळखत नाही, माझं काही देणं लागत नाही, आणि तरी तिच्यावर जे माझं आहे ते एकेक घन माझ्या हातानं ठेवलेलं आहे, याची गोडी ओसरत नाही.

आमच्या भागात अशी मोकळीक होती ती नुमाइशवाल्यांना. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ मध्ये पब्लिक गार्डनमध्ये पहिलं प्रदर्शन भरवलं. निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्याचं उद्घाटन केलं. पुढे ते आजच्या मैदानात आलं. १ जानेवारीला दारं उघडतात, साधारण दीड महिना काश्मीरपासून लखनौपर्यंतचे दुकानदार तिथं गल्ल्या वसवतात, आणि फेब्रुवारीत सगळं उकललं जातं. मार्चमध्ये मैदानात नुसते खड्डे. लहान असताना मी त्या खड्ड्यांवरून कोणता गाळा कुठं होता ते ओळखायचे. या माहितीचा खेळाशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर मला नीटसं सांगता येणार नाही. पण मोकळ्या जमिनीवर गाव उभं राहताना मी आधी पाहिलेलं होतं, एवढं खरं.

माइनक्राफ्टमध्ये आणखी एक प्रकार आहे. त्यात रात्रीचं भय नाही, भूक नाही, उडता येतं, आणि हवं ते सामान हवं तेवढं फुकट. माझा मावसभाऊ त्यात राजवाडे बांधायचा आणि मला दाखवायला बोलवायचा. मला त्या राजवाड्यांचा राग यायचा, अजून येतो. ज्यानं एक रात्र बाहेर काढली नाही त्यानं दार कशाला बसवावं? माझ्या पहिल्या पलंगाला तीन मेंढ्यांची लोकर लागली होती, आणि त्या मेंढ्यांमागे धावताना संध्याकाळ झाली होती. तो पलंग मला त्याच्या संगमरवरापेक्षा मोठा वाटतो आणि यावर मी कोणाशी तडजोड करणार नाही.

आई या सगळ्यात आली ती भाजी निवडता निवडता. मागे पाटावर बसून बघायची. एक दिवस म्हणाली, “हे काय करायलीस? घराला ढाळज नाही. आलेलं माणूस बसंल कुठं?” तिथं कोणी येत नाही, हे मी सांगितलं. ते तिला पटलं नाही. मी ढाळज केली. मग ओसरी मागितली, मग चौक, मग माजघर, धान्याला बळद. भिंतीत देवळी हवी. छप्पर उतरतं नको, सपाट मातीचं हवं, वर जायला जिना हवा. आई उमरगा तालुक्यातली. ती मला तिच्या माहेरचा वाडा सांगत होती. तिनं कधी कीबोर्डला बोट लावलं नाही, पण दोन पावलं डावीकडे, इथं उंबरा, तिथं नको, असं करत तिनं तो सगळा माझ्या हातून बांधून घेतला. माळवद झालं तेव्हा म्हणाली, “साणं ठेव. चुलीचा धूर जाऊ दे, अन् उजेड येऊ दे.” मी छतातला मातीचा एक घन काढला. माजघरात उभं राहून वर पाहिलं. माझा तोच चौकोन.

आता किल्लारीच्या भूकंपाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसं गेली. भूकंपापेक्षा घरांनी मारलं, असं तिकडे म्हणतात आणि ते खरं आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर लाकडी तुळया, आणि तुळयांवर दरसाल पावसाळ्याआधी थर चढवून चढवून जड झालेलं मातीचं माळवद. उन्हाळ्यात ज्यानं गारवा दिला त्याच्याच खाली गावं झोपलेली. हादरा हैदराबादपर्यंत आला होता. मी तेव्हा तान्ही. आमच्या खोलीत मांडणीवरची भांडी वाजली, आई मला घेऊन जिन्याखाली जाऊन उभी राहिली, आणि आपल्या माहेराकडे काय झालं असेल हे तिला दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

मला तोवर एवढंच ठाऊक होतं. त्या वाड्याचं काम चालू असताना आई बोलली. ओसरीशी आले तर म्हणाली, इथं आजोबा होते, खांबाला धरून राहिले, वाचले. अंगणात मामा, विसर्जनावरून आले ते बाहेरच बाजेवर पडले. माजघरात पणजी. “थंडी वाजती म्हणून आत झोपायची.” मग तिनं विचारलं, “हे पडत नाही का?” मी दाखवलं. या खेळात वाळू आणि खडी तेवढी कोसळते, मातीला वजन नसतं. मी माजघराची एक भिंत फोडली. माळवद जागच्या जागी. तिनं दुसरी फोडायला सांगितली. मग खांब. मग उरलेल्या भिंती. सगळं काढलं तरी साण्यासकट ते छत हवेत तसंच राहिलं आणि त्याची सावली जमिनीवर पडली होती. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “परत बांध.” मी रात्रभर बसून परत बांधलं.

२०२१ साली करोनामुळे नुमाइश भरली नाही. मैदान रिकामं, आम्ही घरात, आणि त्याच फेब्रुवारीत व्हॅलहाइम नावाचा नवा खेळ आला. स्वीडनमधल्या पाच जणांच्या चमूनं केलेला. त्यात वजन आहे. जमिनीवरचा खांब निळा दिसतो. वर चढत जावं तसा रंग हिरवा, पिवळा, शेवटी लाल होतो आणि त्यापुढे तुळई तुटून पडते. बंद खोलीत शेकोटी पेटवली तर धूर कोंडतो आणि जीव जायला लागतो. छताला वाट ठेवावी लागते. आईनं हे पाहिलं आणि ती पाटावरून उठून खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसली. साणं ठेवायला तिथं मला कोणी सांगावं लागलं नाही. बांधताना ती रंगांवर नजर ठेवायची. “लाल झालं. थांब. खाली अजून एक टेकू दे.” इतके टेकू देववले की आत चालायला जागा उरेना. तिथं मातीचं छत करायची सोयच नव्हती, गवताचं करावं लागायचं. ते तिला पसंत पडलं.

माइनक्राफ्टमधला तो वाडा आता नाही. हार्ड डिस्क गेली, तिच्याबरोबर गेला. पण त्या जगाची जमीन एका आकड्यातून उगवते. तो आकडा घातला आणि खेळाची आवृत्ती जुनीच घेतली, तर तेच डोंगर, तेच ओढे, तीच टेकडी पुन्हा समोर येते. आपण बांधलेलं मात्र काहीच येत नाही. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मी आकडा लिहून ठेवला होता. गेल्या डिसेंबरात त्या वासानंतर घरी आले ती वही शोधूनच थांबले. टेकडी सापडली. तिच्यात भोक नव्हतं. हिरवीगार, कोणाचाही हात न लागलेली.

आई आता सत्तरीला आली आहे, पाटावर बसवत नाही, पण पडदा दिसेल अशी खुर्ची तिनं आपण होऊन लावून घेतली. मला वाडा पुन्हा हवा आहे, ढाळजेपासून बळदापर्यंत, होता तसा, माळवदासकट. आई नाही म्हणते. तिचं म्हणणं, टेकडी सोडायची, ओढ्यापलीकडच्या सपाट जागेवर एकच खोली बांधायची, लाकडाचं हलकं छप्पर, आणि समोरासमोर दोन दारं. माजघर नको. मी म्हटलं, निदान साणं तरी? त्यावर ती अजून विचार करते आहे. तोवर मी ओंडके तोडून पेटीत भरून ठेवतेय, आणि दोन्ही दारांची जागा तिनं दगड ठेवून आखून घेतली आहे.