दिवसातून दोनदा उघडणारे मत्स्यालय

मुंबईकर समुद्रावर जातो म्हणजे काय करतो? चौपाटीवर सतरंजी अंथरतो, समुद्राकडे पाठ करून भेळ खातो आणि दिवे लागले की घरी परततो. मासे पाहायचे म्हणजे तिकीट काढून काचेआडून, ही सवय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडल्यापासूनची. पण या शहराचे खरे मत्स्यालय फुकट आहे आणि ते दिवसातून दोनदा उघडते!

हाजीअली, ब्रीच कँडी, वांद्र्याचे बँडस्टँड. येथला किनारा काळ्या खडकाचा. ओहोटीला पाणी सरले की खडकांत डबकी उरतात आणि त्यांत एक आख्खी वस्ती दिसू लागते. खडकाला चिकटलेली कालवे, बोट लागताच मिटणारी समुद्रफुले, नशीब असेल तर दगडाखाली दडलेला ऑक्टोपसही! शंखात राहणारा खेकडा तर अस्सल मुंबईचा भाडेकरू. अंग वाढले की मोठी जागा शोधत हिंडतो. पागडी तेवढी द्यावी लागत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खोल जाते. मुंबईत त्या दिवशी ती साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, मग रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे पाडव्याची सकाळ सोयीची. वेळापत्रक पाहून जावे, शेवाळावर पाय जपून टाकावा आणि भरती लागताच परतावे.

हे सारे आजच पाहावे, याला कारण आहे. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा रस्त्यावरून मोटारी धावू लागल्या. त्याच्या भरावाखाली वरळी-हाजीअलीकडचे कितीतरी खडक गेले. तेथल्या प्रवाळांना कायद्याने वाघाच्याच यादीत स्थान. म्हणून २०२० मध्ये ते उचलून दुसरीकडे नेऊन लावले. पण डबक्यांतल्या बाकीच्या बिऱ्हाडांनी कोणत्या दारी अर्ज करावा?

उरलेले खडक अजून नांदते आहेत. मुलांना घेऊन जा. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायला शिकवा. आणि धाकट्याने शंख खिशात घातला, तर त्याला एवढेच सांगा, "बाळ, ही कुणाची तरी खोली आहे."