नरक्याच्या शोधांत आंबोलीला

गेल्या श्रावणांत मी आंबोलीला गेलों, तो धबधबा पाहण्याकरितां नव्हे. एका झाडाच्या भेटीकरितां. निमित्त घडलें आमच्या थोरल्या वहिनींच्या आजाराचें. त्यांना मोठ्या आंतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेला वर्ष झालें नाहीं तोंच रोगानें पुन्हां डोकें वर काढलें, आणि डॉक्टरांनीं शिरेंतून नवें औषध देण्यास आरंभ केला. त्याचें नांव इरिनोटेकान. त्यानें होणाऱ्या जुलाबांनीं वहिनी खंगून गेल्या. सुनांनीं रात्रीच्या पाळ्या लावून घेतल्या. एके दिवशीं डॉक्टर सहज म्हणाले, ‘मास्तर, हें औषध मूळचें झाडाचें आहे, आणि तसें झाड तुमच्या सह्याद्रींतही आहे.’ मी निघालों तेव्हां वहिनी अंथरुणावरून म्हणाल्या, ‘भावोजी, भेटलें तर माझा नमस्कार सांगा. आणि एवढे जुलाब कां, तेंही विचारा!’

कोल्हापुराहून एस्. टी. नें आजरा गांठलें कीं हिरण्यकेशी भेटते. तेथें ती रुंद व गढूळ होती. पुढें धुकें इतकें दाटलें कीं आंबोलीस उतरल्यावर हातभर अंतरावरची चहाची किटली दिसेना. याच गांवाजवळ त्या नदीचा उगम आहे. गुहेपाशींच्या देवळांत डोकें टेकवून मी वाटाड्याच्या मागून रानांत शिरलों. हा गृहस्थ जंगलखात्यांत बरीच वर्षें रोजंदारीवर होता. बोलणें कमी, चालणें फार. माझ्या गुडघ्यांची त्याला दया आली नाहीं.

झाड दिसण्याआधीं त्याचा वास आला. नासलेल्या अन्नासारखी ती घाण नाकांत शिरतांच मी पंचा तोंडाला लावला. वाटाड्या हंसला. ‘गुरुजी, हाच तुमचा नरक्या.’ दोनतीन पुरुष उंचीचें साधें झाड. साल करडी, पानें फांद्यांच्या टोंकांशीं दाटलेलीं, आणि त्यांत पिंवळट पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके. दुर्गंधि त्या फुलांची. या झाडाला अमृता असेंही म्हणतात हें ऐकून मात्र मी चमकलों. अमरकोशांत अमृता हें नांव गुळवेलीचें आहे, हिरड्याचेंही आहे, नरक्याचें नाहीं. नवें कांहीं निघालें कीं तें जुन्या पोथींत धुंडाळण्याची आपल्याला खोड असते, ती मलाही आहे. निघण्यापूर्वीं मीं चरक आणि सुश्रुत दोन्ही चाळले. हें झाड मला त्यांत सांपडलें नाहीं.

सांपडलें तें निराळ्याच वाटेनें. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना प्रांतांत मन्रो वॉल व मनसुख वाणी या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य वेगळें काढून १९६६ सालीं त्याची घटना प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे! जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचें. २०२० सालीं ते वारले. पुढें १९७२ सालीं मुंबईस गोरेगांवच्या सीबा संशोधनकेंद्रांतील गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनीं दाखवून दिलें कीं तेंच द्रव्य आपल्या नरक्यांतही आहे. चीनचा वृक्ष आणि हा, कुळानें एकमेकांचे कोणी नव्हत. तरी रस एक.

पण रस मिळाला म्हणजे औषध मिळालें असें नव्हे. पहिल्या प्रयोगांत रोग्यांच्या मूत्राशयाला अशी इजा झाली कीं तें द्रव्य बाजूस ठेवावें लागलें. तें करतें काय, हें १९८५ सालीं उमगलें. विहिरीच्या दोराला पीळ चढून गांठी पडूं लागल्या कीं आपण तो उलगडतों. पेशींतील आनुवंशिक सूत्रालाही तसाच पीळ चढतो. तो उतरविण्यासाठीं शरीरांतील एक कारागीर सूत्राचा एक पदर कापतो व पुन्हां सांधतो. हें द्रव्य त्याला कापूं देतें, सांधूं देत नाहीं. झपाट्यानें वाढणारी पेशी त्या अर्धवट कापलेल्या सूत्रावर अडखळून मरते. आंतड्याचें अस्तरही सारखें नवें होत असतें, म्हणून त्याच्याही वांट्याला झळ येते. वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर मला असें मिळालें. मूळ द्रव्याला पाण्यांत विरघळेल असें रूप देऊन जपानांत इरिनोटेकान तयार झालें, आणि १९९६ सालीं अमेरिकेनेंही त्यास मान्यता दिली. मधलीं तीस वर्षें गेलीं तीं अशीं. तेव्हां कोणीं नरक्याची साल आणून घरीं काढा करूं नये. तें विषच आहे.

परततांना ओढ्याच्या कांठीं मला खड्डे दिसले. रानडुकरांनीं उकरले असतील असें वाटलें. वाटाड्यानें मान हलविली. ‘चोरांचे आहेत, गुरुजी. बुंधा वरून तोडला तर फुटवा येतो. पण मुळांत माल जास्त, म्हणून मुळासकट उपटतात. रात्रींत टेम्पो भरतात.’ कॅम्प्टोथेसिनचें प्रमाण वाळल्या लाकडांत बहुधा शेंकडा एक भागही भरत नाहीं. म्हणजे एका बाटलीमागें किती लांकूड जात असेल! जम्मूच्या शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं या झाडांत राहणाऱ्या एका बुरशीकडून हें द्रव्य मिळविल्याचें प्रसिद्ध केलें आहे, पण त्यानें कुऱ्हाड थांबलेली नाहीं.

मी त्या खड्ड्यापाशीं बराच वेळ उभा होतों. त्यांत पाणी सांचलें होतें, आणि तुटलेल्या मुळाचें टोंक वर आलें होतें. आमच्या घरीं आलेली बाटली अशाच एखाद्या खड्ड्यांतली नसेल कशावरून? आणि असती तर मीं ती परत केली असती काय? केली नसती. वहिनींचा नमस्कार मीं उभ्या झाडाला सांगितला होता. खड्ड्याला सांगण्याचा धीर झाला नाहीं.

वहिनींच्या गांठी गेल्या तपासणींत लहान झालेल्या निघाल्या. वाटाड्यानें एस्. टी. त बसवितांना एकच गोष्ट मागितली. ‘मासिकांत लिहा, पण ओढ्याचें नांव घालूं नका.’ तें मीं घातलेलें नाहीं.