न्हाणीचा रंग

फरशीच्या दुकानात फरशी कधी ओली नसते. तिचा खरा रंग कळायचा तर तिच्यावर पाणी पडायला हवं, चिखलाचा पाय पडायला हवा, साबणाचा फेस तिच्यावर वाळायला हवा. शहरातल्या शोरूममध्ये तर ती पिवळ्या दिव्याखाली नटूनथटून उभी असते. देवगाव फाट्याला निदान एक बरं आहे. इथे नमुने पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी घोड्यांवर, रस्त्याच्या कडेलाच मांडलेले. मंठ्याकडून जिंतूरला जाणारे ट्रक, सेलूकडे वळणाऱ्या एसट्या, कापसाने फुगलेले टेम्पो दिवसभर धूळ उडवतात आणि ती सगळ्या रंगांवर सारखी बसते. गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार फडकं घेऊन धावतो. मी म्हटलं, राहू द्या. कोणता रंग धूळ पोटात घालतो आणि कोणता चारचौघांत बोभाटा करतो, ते फडकं फिरायच्या आधीच दिसतं.

न्हाणी पाडून नवी बाथरूम करायचं ठरलं, तेव्हा आई, वहिनी आणि मी असे तिघं आलो होतो. दादा आला नाही. त्याच्या मते फरशी म्हणजे फरशी, तिच्यात निवडायचं काय?

जुन्या न्हाणीत खरोखरच निवडायला काही नव्हतं. शहाबादी होती. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. पण 1948 च्या सप्टेंबरपर्यंत ते गाव आणि आमचं परभणी एकाच निजामी राज्यात नांदत होती. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडीचा दगड खाणीतूनच थराथराने सुटतो, त्यामुळे त्याची फरशी करायला फार आटापिटा लागत नाही. कोरडी असली की राखी, पाणी पडलं की निळसर काळपट. न्हाणीत ती बिनपॉलिशची, टाचेला खरखरीत लागेल अशी टाकायची. त्या खरखरीवर पिढ्यान् पिढ्यांनी टाचा घासल्या. आणि तीही चैनच म्हणायची. आई लग्न होऊन या घरी आली तेव्हा न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यातला एक सपाट दगड आणि त्याला पऱ्हाटीच्या कुडाचा आडोसा. बायकांनी कोंबडा आरवायच्या आत आंघोळ उरकायची. उजाडलं की कुडाच्या फटींतून सगळं जग आत येई. कुडाची भिंत झाली, भिंतीला दार आलं, दाराला आतून कडी आली. यातल्या एकेका गोष्टीला वर्षं गेली. रंगाचा विचार त्यानंतरचा. म्हणून दुकानात आई अर्धा तास एकाच नमुन्यासमोर उभी राहिली तरी मला घाई करवेना.

दुकानदाराने आधी काळी दाखवली. गुळगुळीत, आरशासारखी, अंगात सोनेरी शिरा. "सध्या हीच चालायलीय," तो म्हणाला.

"काळी नको बाबा," आई म्हणाली.

"कामून, काकू? शोभा तर बघा!"

"आमच्या बोअरचं पाणी पाह्यलंस का तू?"

त्यावर तोही हसला. बोअरचं पाणी त्याच्याही घरी तेच होतं. बादलीच्या कडेला, तोटीच्या तोंडाशी, हिटरच्या कॉइलवर पांढरा थर धरणारं. भिंतीवर उडालेला प्रत्येक थेंब वाळताना आपली सही ठेवून जातो. काळ्या फरशीवर महिन्याभरात अशा इतक्या सह्या होतात की भिंतीने भस्म फासल्यासारखं वाटावं. मग लोक ॲसिड आणतात. ॲसिडने क्षार फेसाळून निघतो हे खरं, पण त्याच्याबरोबर सांध्यातलं पांढरं सिमेंटही निघतं, सांधे पोकळ होतात, पाणी मागे शिरतं आणि एक दिवस फरशीवर टकटक केलं की ती ढोल वाजावी तशी वाजते. मूळची शहाबादी असेल तर विचारूच नका. ती जातीचीच चुनखडी, ॲसिड तिलाच खातं.

मग दुकानदार दुसऱ्या टोकाला गेला आणि पांढरीशुभ्र काढली. पांढऱ्या न्हाणीचं वेड तसं परगावचं आणि फार जुनंही नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत पण मळ दिसतो, हे युरोप-अमेरिकेला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मनापासून पटलं. मग दवाखाने, खाटीकखाने, न्हाणीघरं सगळी पांढरी झाली. पॅरिसची मेट्रो 1900 मध्ये धावू लागली, न्यूयॉर्कची भुयारी गाडी 1904 मध्ये. दोन्हींची स्टेशनं पांढऱ्या चकचकीत फरशीने मढवलेली. पांढऱ्यावर मळ लपत नाही, हाच तिचा गुण. पण मृग बरसल्यावर पऱ्हाटीच्या वावरातून घरी आलेल्या माणसाचे पाय या गुणापुढे कसे टिकणार? आमची माती पायाला लागत नाही, पायावर चढते. चपलेसकट शेर-दोन शेर वजन घेऊन माणूस दारात उभा राहतो, आणि ती सगळी माती आधी न्हाणीतच उतरते. रोज घरादाराचा चिखल उजळ माथ्याने दाखवणारी भिंत कोणाला हवी?

गंमत अशी की पांढरा क्षार आणि काळा चिखल हे दोघे सख्खे भाऊ आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा काळा दगड झाला. तो झिजून ही माती झाली. आणि त्याच्याच भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं आणि जड होऊन बोअरमधून वर येतं. म्हणजे आमच्या बाथरूमचा रंग ठरवायला बसलं की एका बाजूने पाणी बोलतं आणि दुसऱ्या बाजूने माती. कॅटलॉगचा नंबर तिसरा. मातीचा आणखीही एक हक्क आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया कच्चा असेल तर घरालाच हलवते. फाट्याच्या परिसरात भिंतीबरोबर तिरकी तडकलेली फरशी पाहिली की मी मिस्त्रीला दोष द्यायच्या आधी खाली बघतो.

दोघांचं ऐकायचं तर उरतात मधले रंग. ज्वारीच्या पिठाचा, कडब्याचा, राखेचा, दूध जरा जास्त पडलेल्या चहाचा. कॅटलॉगमध्ये त्यांना आयव्हरी, बेज, सँड अशी नावं आहेत आणि कागदावर ते फारच गरीब दिसतात. पण त्यांच्यावर क्षार पडला तरी चालतो, चिखलाचा शिंतोडा पडला तरी चालतो. आईने राखेकडे झुकणारा बदामी निवडला, तोही मॅट. तिने हाताचं बोट जिभेला लावून फरशीवर फिरवलं आणि ओल किती वेळ दिसते ते पाहिलं. दुकानदाराला हे नवं होतं. मला ते कॅटलॉगपेक्षा जास्त पटलं.

खालची निवडायला फार वेळ लागला नाही. तिथे रंग दुय्यम. आईचे गुडघे आणि साबणाचं पाणी यांच्यामध्ये जे काही येणार, ते खरखरीत हवं. एक बाय एकची, अँटीस्किड. दोन बाय दोनची मोठी दिसते छान, पण लहान फरशीत सांधे जास्त, म्हणून पायाला धर जास्त. शिवाय जाळीकडे ढाळ काढताना मोठी फरशी मिस्त्रीचं ऐकत नाही. दोन सूत ढाळ चुकला की कोपऱ्यात डबकं साचतं आणि मग रंग कोणताही असो, तो कोपरा हिरवाच होतो.

बहुतेक माल मोरबीचा. गुजरातेतल्या त्या एका गावाभोवती टाइल्सचे इतके कारखाने आहेत की देशातल्या बहुतेक न्हाण्या तिथूनच रंगून येतात. आता छपाई संगणकावर, शाईच्या फवाऱ्याने होते, त्यामुळे मातीच्या पाटीवर वाटेल ते उमटतं: संगमरवर, सागवान, वाळू. एका घोड्यावर चक्क शहाबादीसारखी दिसणारी टाइल होती, खवले-टाक्यांसकट. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "ही तर आपण कालच फोडली."

आणि वहिनी? ती मघापासून कोपऱ्यातल्या एकाच नमुन्यापाशी होती. हायलायटर. निळं पाणी, पाण्यात उड्या मारणारे दोन डॉल्फिन, मागे धबधबा. शहरात राहून आलेल्या माणसाने अशा टाइलपुढे नाक मुरडायचं असतं, तशी रीतच आहे. मला ती रीत मानवत नाही. शेजारच्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्याची ही लेक-सून. टँकरच्या पाइपखाली घागर धरून भांडलेली. निम्न दुधना धरण भरलं की नाही, हे तिला कॅलेंडरसारखं पाठ. तिने भिंतीवर वाहतं पाणी मागितलं तर त्यात हसण्यासारखं काय? राखी-बदामी भिंतीचं कारण पाणी आणि माती सांगतात. डॉल्फिनला कारण नाही, आणि एखाद्या हाताएवढ्या जागेला ते नसावंच.

पेट्या घरी आल्या. मिस्त्रीने भिंतीच्या टाइल्स रात्रभर हौदात बुडवल्या. त्यांतून बुडबुडे निघत राहिले. भिंतीची साधी टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त पाणी पिते, आणि तहानलेली लावली तर सिमेंटचंच पाणी ओढून घेते, मग धरत नाही. सकाळी त्याने ओळंबा सोडला आणि नेहमीच्या सवयीने हायलायटर तोटीच्या वर, साडेचार फुटांवर आखला. कॅटलॉगमधल्या चित्रात तसंच असतं. त्या चित्रात शॉवर असतो आणि शॉवरखाली उभा राहणारा माणूस.

वहिनीने पदर खोचला, कोपऱ्यातला पाट घेतला, अर्धवट बाथरूमच्या मधोमध मांडला आणि त्यावर बसली. "इथून दिसायला पाहिजे," ती म्हणाली. तोटीची भिंतही तिला नको होती. तिथे सगळे शिंतोडे उडणार. समोरची हवी, जमिनीपासून अडीच फुटांवर.

मिस्त्रीने टेप लावला, पुटपुटत हिशेब केला. "वहिनी, अशानं खालच्या ओळीत कटिंग येतंय. पेटी कमी पडंल."

"मग आजच आणा. त्याच बॅचची बघून आणा, शेड बदलायची नाही. आन् एक घरात ठेवायला जास्तीची."

दादा फाट्याकडे निघाला.